आई, तुझे पाचपैकी पाच

प्रिय आई,

रविवारी एटोबिकोच्या हॉलमध्ये तू गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. मी बोलावं असं विहारातल्या मंडळींचं म्हणणं आहे. विषयही त्यांनीच दिलाय, 'आईंचं स्थिर चित्त'. गुरुवारी सकाळपर्यंत माझं भाषण तयार होतं. आता ते मला वाचता येणार नाही. म्हणून आधी तुला लिहिते आहे. दुसऱ्या कोणाशी बोलायला गेले तर तोंडातून भलतंच काही निघेल, इतकी मी तुझ्यावर चिडले आहे.

गुरुवारी लिनबाई भेटल्या. केमोच्या खोलीत तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या. त्यांच्या नावाला 'बाई' तूच जोडलंस आणि त्या तुला 'टीचर' म्हणायच्या. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्यांनी माझ्या हातात एक गुलाबी खोकं ठेवलं. आत एग टार्ट, अंड्याच्या गोड सारणाच्या त्या चिनी वाट्या.

"टीचरला फार आवडायचे."

"आईला? तिने कधी खाल्ले?"

लिनबाईंनी बाकावरची पिशवी बाजूला केली. मग म्हणाल्या, "सिट डाऊन, मितू."

आई, मी बसले आणि ऐकलं. तुला कळतंय का, काय ऐकलं असेल ते?

धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर तू औषध घेतलंच नाहीस! मी मिल्टनहून भल्या सकाळी चारशे सात हायवेवरून गाडी हाकत रिचमंड हिलला यायची. तू शेजारी बसून गुणगुणायचीस. मी तुला दारात सोडायची, "झालं की फोन कर" म्हणायची आणि त्याच हॉस्पिटलात वर माझ्या ऑफिसात जायची. तू आत जायचीस आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडायचीस. लिनबाईंचं औषध तेव्हा संपलेलं होतं. फक्त तुझ्यासाठी त्या बसने यायच्या. दोघी समोरच्या चिनी मॉलमध्ये जाऊन बसायचात, चहा आणि एग टार्ट घेऊन. परत येण्याआधी तू वॉशरूममध्ये जाऊन हाताला कापूस आणि पट्टी लावायचीस. स्वतःच्या हाताने!

आणि मी घरी गेल्यावर ती पट्टी हळूच ओली करून काढायची. दुखू नये म्हणून फुंकर घालायची. तू डोळे मिटून घ्यायचीस. तेव्हा तुला काय वाटत होतं गं?

डिसेंबरात मला म्हणालीस, "डॉक्टर म्हणाले, आता थांबवू." मी त्या डॉक्टरांवर किती संतापले! महिनोन् महिने त्यांना साधं हॅलो केलं नाही. ते बिचारे मान खाली घालून निघून जायचे. तू त्यांच्याकडून वचन घेतलं होतंस, मुलीला सांगायचं नाही. त्यांनी ते पाळलं. मीही त्याच इमारतीत काम करते, तुझी फाईल मला उघडता आली असती. पण मला तो हक्क नाही, म्हणून मी कधी उघडली नाही. माझा हा स्वभाव तुला माहीत होता. त्याच्याच भरवशावर तू हे सगळं केलंस नं?

माझं काम म्हणजे चिनी कॅन्सर पेशंटांचं मन किती सजग आहे ते मोजायचं. दुभाष्याला घेऊन त्यांच्याजवळ बसायचं, प्रश्न विचारायचे, उत्तराला एक ते पाच आकडा द्यायचा. नागपूरला फोनवर तू सगळ्यांना सांगायचीस, "आमची मितू चिनी लोकांचं मन मोजते. मापटं कुठून आणलं ते नका विचारू!"

त्यातलाच एक प्रश्न होता, 'शरीरात काय चाललंय याकडे माझं लक्ष असतं.' कधीच नसेल तर एक, नेहमी असेल तर पाच. लिनबाईंना विचारला तर त्या माझ्यावरच उखडल्या. "व्हॉट अ क्वेश्चन! इथे गाठ आहे. लक्ष आणखी कुठे जाणार? फाइव्ह! टेन आहे का तुझ्याकडे?"

ऑफिसात आमची यावर चर्चा झाली. हे पाच शांतीचे की भीतीचे? जे माप निरोगी माणसांसाठी बनलं, ते या माणसांना लावलं तर नेमकं काय मोजलं जातं? आमचा सगळा अभ्यास याच शंकेवर उभा आहे. मी घरी येऊन तुला हे सांगितलं, तेव्हा तू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस.

आणि मग म्हणालीस, "मला काहून नाही विचारत? मी चिनी नाही म्हणून?"

तू कोथिंबीर निवडत होतीस. मी ओट्याला टेकून एकेक प्रश्न मराठीत करून विचारला.

"पाच."

"अगं, पूर्ण ऐक तरी."

"पाच. पुढचा."

"वाईट विचार आला की त्यात वाहून न जाता..."

"पाच! आयुष्यभर पेपर तपासले मी. कोणता प्रश्न काय मागतो ते मला समजत नाही का?"

माझ्या तोंडावर सांगितलंस, आई! आणि मी हसले. डायरीत लिहिलं, 'आई शांत आहे.' दुपारी ऑफिसात ज्या आकड्यावर शंका घेतली, तोच आकडा घरी आल्यावर खरा मानला. का? तू पांढरी साडी नेसून दर पौर्णिमेला लोकांना आनापान, श्वासावरचं ध्यान, शिकवायचीस म्हणून? की तू शांत असलीस तर माझीही झोप नीट होत होती म्हणून? मला अजून नक्की सांगता येत नाही.

लिनबाईंना मी विचारलं, ती घाबरायची का?

"खूप. सुई आली की माझा हात असा धरायची." त्यांनी माझं मनगट आवळून दाखवलं. दुखलं मला.

"मग मला का नाही सांगितलं?"

"टीचर म्हणायची, मार्क कमी पडले तर मुलगी सोडणार नाही. मोअर मेडिसिन, मोअर डॉक्टर. फुल मार्क दिले की ती जाऊ देते."

म्हणजे माझंच मापटं घेऊन तू मला फसवलंस. तुमच्या दोघींत एक भाषा धड नाही. तुझं इंग्रजी शाळेतलं, त्यांचं हॉटेलच्या किचनमधलं. तरी त्यांच्यापाशी तुला रडता आलं. माझ्याशी बोलायला मराठी होती, सगळं आयुष्य होतं, आणि मला तू आकडे दिलेस.

औषध थांबवणं हा तुझा हक्क होता. मी तो मानला असता? खरं सांगते, नसता. भांडले असते, रडले असते, आणखी दोन डॉक्टर शोधले असते. हे तू ओळखलंस आणि ते बरोबरच ओळखलंस. पण मला भांडायला तरी मिळायला हवं होतं! हरले असते तर मॉलमध्ये मीही आले असते. तुमच्या टेबलाला तिसरी खुर्ची नव्हती का?

एकदा तरी 'एक' म्हणायचं होतंस, आई.

ते एग टार्ट मी घरी आणले. आर्याने एक उचलला आणि म्हणाली, "आजी वुड लव्ह दीज." मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. नंतर एक खाल्ला. चांगला होता. त्याचाही राग आला.

आता रविवारचं. 'आईंचं स्थिर चित्त' हे भाषण मी करणार नाही. उभी राहून सांगेन की माझी आई घाबरत होती, आणि घाबरत असतानाही तिने तुम्हाला शांत बसायला शिकवलं. ती माझ्याशी खोटं बोलली, हेही सांगेन. कोणाला आवडणार नाही. मावशी तर फोनवर आत्ताच म्हणाली, "गेलेल्या माणसाचं असं चारचौघांत काढतात का?" काढू नये, हे मलाही पटतं. पण त्या हॉलमध्ये आणखी कोणीतरी आपल्या लेकीला पाच-पाच सांगत बसलेली असेल, तर?

अजून एक. लिनबाईंचं दुखणं उलटलंय. पुढच्या आठवड्यापासून परत केमो. तुझ्या खुर्चीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "नाऊ हू विल सिट?" मी लगेच ऑफिसात सांगून टाकलं, यांचे प्रश्न यापुढे दुसऱ्या कोणीतरी विचारावेत, मला जमणार नाही.

मी बसेन तिथे. सुई आली की त्या माझं मनगट आवळतील. त्या सोडेपर्यंत मी त्यांना काहीही विचारणार नाही, एवढं वचन तुला देते.

तुझी, राग अजून न गेलेली,
मितू