वरच्या वाडीचं रक्त

अण्णा, तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होतील. इतक्या वर्षांत तुमच्याशी भांडायचं एकही कारण मला सापडलं नव्हतं, आणि कारण नसताना भांडण उकरून काढण्यात मी किती पटाईत आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. दिवाळी अंकांतून मी कारकून झोडले, साहेब झोडले, बसल्या जागी पाहणी करणारे झाडून सगळे झोडले, आणि दर लेखाच्या शेवटी तुम्हाला आणून उभं केलं. खांद्याला पिशवी, पायात टायरच्या चपला, गुंजवण्याच्या वरच्या वाड्यांवर दर पंधरवड्याला हिवतापासाठी लोकांचं रक्त तपासायला जाणारा आरोग्यसेवक. वाचणारे म्हणायचे, अशी माणसं होती म्हणून देश चालला. मी मान डोलवायचो. आता वाटतं, देश चालला असेल. तुम्ही चालला नव्हता.

गुरुवारची सकाळ आठवते. नसरापूरच्या आपल्या दोन खोल्या, आई भाकऱ्या थापतेय, आणि चुलीपासून हातभर लांब तुम्ही जुनं वर्तमानपत्र पसरून त्यावर काचपट्ट्या मांडताय, बारा की पंधरा, ओळीत, पुसून लख्ख. मी आठ-नऊ वर्षांचा. डावा हात पुढे करायचा, करंगळीशेजारचं बोट. स्पिरिटचा गार बोळा, मग टोचणी, मग तुम्ही बोट दाबून एकेका काचेवर थेंब घेताय आणि दुसऱ्या काचेच्या कडेने तो पसरवताय, इतक्या नाजूकपणे की आईने कधी तूपही तसं पसरलं नसेल. थेंब यायचा थांबला की पुन्हा टोचायचं. मी विचारलं होतं, इतकं कशाला? तुम्ही म्हणालात, "तुझं रक्त नमुन्याचं आहे. तालुक्याचे साहेब मागून घेतात." मी ते वर्गात सांगितलं. पुढची दोन वर्षं माझ्यासारखा ताठा अख्ख्या शाळेत कुणाला नव्हता. हेडमास्तरांचं रक्तसुद्धा साहेबांनी कधी मागवलं नव्हतं. आई एकदाच बोलली. परातीतून मान वर न करता म्हणाली, "पोराच्या बोटाची चाळण केलीत. तुमची बोटं काय झिजलीत का?" तुम्ही पट्टीवर पेन्सिलीने नंबर घालत म्हणालात, "माझं मागच्या आठवड्यात झालं." आईने भाकरी उलटली. मला हे उत्तर फार साधं वाटलं होतं. पाळी असते, आज माझी, मागच्या आठवड्यात तुमची.

आणि तो मारही आठवतो. शाळेत पाऊस मोजायची बाटली होती, रोज सकाळी जाऊन आकडा वहीत लिहायचं काम मास्तरांनी माझ्याकडे दिलं होतं. एका सकाळी गोधडीत पडल्या पडल्या मी आकडा ठोकून दिला. तुम्हाला कसं कळलं कोण जाणे. एक थोबाडीत दिलीत आणि चिखल तुडवत मला शाळेपर्यंत नेलंत, बाटली पाहायला लावलीत, आकडा खोडून नवा लिहायला लावलात. वाटेत एकच वाक्य बोललात, "डोळ्यांनी बघितलं नाही ते कागदावर यायचं नाही." त्या एका वाक्यावर मी तीस वर्षं नोकरी केली, अण्णा.

नोकरीही तुमच्याच वाटेची. शहरात डेंग्यू कुठल्या गल्लीतून निघाला आणि कुठल्या गल्लीत शिरला, याचा नकाशा करायचा. पाहणीवाल्या बाया घरोघर जातात, पिंपातलं पाणी बघतात, ताप आहे का विचारतात, फॉर्म आणून देतात. मी आणि माझी दोन माणसं तापाच्या घरावर लाल ठिपका देतो. ठिपके वाढतात, सरकतात, नाल्याच्या कडेने जातात, पूल ओलांडतात. नकाशावर पांढरा पट्टा दिसला की त्याचे दोनच अर्थ असतात, तिथे ताप नाही, किंवा तिथे कुणी गेलं नाही. यंदा पावसाळ्यात टेकडीवरच्या एका वस्तीचा असाच पांढराशुभ्र पट्टा पुढे आला, आणि त्याच वस्तीतली पोरं रुग्णालयात येऊन पडत होती. फॉर्म काढून पाहिले. एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले. ओळीने सगळ्या घरांत ताप नाही, पाणी झाकलेलं, माणसं सुखी. इतकी सुखी वस्ती मी आयुष्यात पाहिली नव्हती. त्या वस्तीची पाहणी ज्यांच्याकडे होती त्या बाईंना बोलावून घेतलं.

पन्नाशी ओलांडलेल्या असतील. पदर खोचलेला, गळ्यात ओळखपत्र. खुर्ची दाखवली तरी उभ्याच राहिल्या. मी माझ्या ठेवणीतलं सगळं काढलं, आणि शेवटी अर्थातच तुम्हाला काढलं. म्हटलं, तुम्हाला चार पायऱ्या चढवत नाहीत, आणि माझे वडील पंधरा दिवसांनी एकदा अख्खा डोंगर चढून वाडीवर जायचे. बाईंनी विचारलं, कुठल्या वाडीवर. मी सांगितलं, गुंजवण्याच्या वरची, शेळ्या-मेंढ्यावाल्यांची.

"ते माझं म्हायेर हाय, साहेब."

मी चक्क खूश झालो. घरबसल्या साक्षीदार मिळाला. म्हटलं, मग तुम्ही पाहिलंच असेल त्यांना.

"न्हाई. त्येंनी दारावर लिवलेल्या तारखा पाह्यल्यात. त्याबी त्येंनी न्हाई लिवल्या. माझा बाप लिवायचा."

मग त्यांनी सांगितलं, थोडं हसतच, कारण त्यांच्या लेखी ती गंमतच होती. बाप बाजारच्या दिवशी बोकड घेऊन नसरापूरला उतरायचा. एसटी स्टँडवर तुम्ही त्याला गाठायचा, तारीख लिहिलेली चिठ्ठी द्यायचा, गेरूचा खडा द्यायचा, गोळ्यांची पुडी द्यायचा. त्याला अक्षर येत नव्हतं. चिठ्ठी समोर धरून तो घरोघरच्या दारावर ती तारीख चित्रासारखी काढायचा. आरोग्यसेवक येऊन गेला याची ती खूण. पोरं दारांवरून बोटं फिरवत आकडे शिकली. वर्षाकाठी मोठा साहेब आलाच तर त्याला दारं दिसायची.

"आणि रक्त?" मी विचारलं. "रक्त कोण काढायचं?"

"कुणाचं रक्त?" त्या म्हणाल्या.

मी टेबलाखाली डावा हात घेतला. कशासाठी घेतला, सांगता येत नाही. त्या बोटावर आता काही दिसत नाही.

बाई पुढे बोलत होत्या. एका भादव्यात वाडीत घरोघर थंडी वाजून ताप आला. बाप खाली सांगायला गेला. "दवाखान्यात म्हणले, तुमच्या वाडीचं रक्त साफ हाय, कागदावर हाय तसं. पावसाळी ताप आसंल, उतरंल. आई त्यातच गेली माझी." मी विचारलं, कोण म्हणालं तसं? "बापाला ठावं. म्या कवा इचारलं न्हाई." मग म्हणाल्या, "मला काढायचं तर काढा, साहेब. वस्तीतली लोकं दार उघडत न्हाईत, आन् वरनं सांगावा येतो, फॉर्म सांजंपत्तूर पायजेल. म्या लिवते. तुमच्या वडलांना काय म्हणायचं त्ये तुमचं तुमी बघा."

मी बघतोय, अण्णा, चार महिने तेच बघतोय. माझ्या एका बोटात अख्खी वाडी नांदत होती. तिथली म्हातारी, तिथल्या बाळंतिणी, तान्ही पोरं, सगळी त्या काचांवर ओळीने निजलेली, आणि त्यांतलं कुणी कधी तापलं नाही, कारण मी तापलो नव्हतो. मी कसा तापेन? डास काय घेऊन येतो हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. माझी मच्छरदाणी गादीखाली खोचायला तुम्ही एक रात्र विसरला नाहीत. तुमचा आळस मी समजू शकलो असतो. आळशांवर मी आयुष्यभर पोट भरलंय. पण ती थोबाडीत? न बघितलेल्या पावसासाठी मला चिखलातून नेलंत, ते काय मनातल्या मनात स्वतःला मारत होतात? तसं असेल तर गाल माझा का वापरलात? बोट होतंच की.

बाईंशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्याबरोबर मी स्वतः वस्ती चढलो. साहेब सोबत आहेत म्हटल्यावर दारं उघडली. घराआड घर ताप निघाला. संध्याकाळपर्यंत तो पांढरा पट्टा शहरातला सगळ्यांत लाल भाग झाला आणि फवारणीच्या गाड्या वर गेल्या. बाईंच्या नावाने मी काही लिहिलं नाही. अहवाल लिहिताना तुमचं वाक्य आठवायला हवं होतं, ते आठवलं. पण तुमच्या आवाजात आठवेना.

परवा रविवारी वरच्या वाडीला गेलो. नसरापूरपर्यंत एसटी, पुढे माणसं कोंबून नेणारी वडाप जीप, तिथून पायवाट. दीड तास लागला, मधे दोनदा बसून. माझे गुडघे गेलेत, पोट सुटलंय, आणि मला दीड तास लागला. तुम्ही तेव्हा पस्तिशीचे होता. उगाच मनात आशा होती की चढ भयंकर असेल, कडा असेल, एखादा ओढा असेल, तुमच्या बाजूने काहीतरी असेल. करवंदीच्या जाळ्या होत्या.

बाईंचा बाप ओसरीवर बसला होता. नव्वदीचा असेल, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण कान शाबूत. मी म्हटलं, शहरातनं आलोय, पाहणीला. त्याने आत सांगून चहा आणवला. हवापाण्याचं बोलणं झालं, धरणाचं झालं, बिबट्याचं झालं. मग त्याने विचारलं, "खाली नसरापूरला डाक्टर व्हते पिशवीवाले, हाईत का हो आजून?" तुम्हाला ते डॉक्टर म्हणायचे. मी म्हटलं, नसावेत. "लई भला माणूस. हितवर कवा आला न्हाई, पर गोळ्या चुकवल्या न्हाईत. त्येंचं पोरगं शहरात मोठं साहेब झालंय म्हंत्यात. तुमच्या वळखीचं हाय का?"

"नाही," मी म्हणालो.

उतरताना मी स्वतःला सांगत होतो की रागाने म्हणालो. असा बाप मला नको, म्हणून म्हणालो. हे पत्र लिहायला घेतलं तेव्हाही तेच लिहिणार होतो. पण खरं म्हणजे त्याच्यासमोर बसून मला एकच प्रश्न विचारायचा होता, त्या भादव्यात दवाखान्यातून त्याला परत कोणी पाठवलं. त्याला नाव माहीत होतं, तो सहज सांगणार होता, आणि मी कोण हे कळलं असतं तर कदाचित भिडेने त्याने ते लपवलं असतं. म्हणून मी ओळख नाही म्हणालो, चहा संपवला, आणि तरीही विचारलं नाही. तो तुमचंच नाव घेईल याची मला भीती वाटली, अण्णा.