दादाचा उजवा हात

८ जुलै, मंगळवार
सकाळी अनोळखी नंबर. उचलणार नव्हते. आंधळगावहून पुष्पावहिनी, दादाची बायको. बारा वर्षांनी आवाज ऐकला, तरी लगेच ओळखला.
"शालूताई, तुमच्या भावाले लकवा मारला. उजवी बाजू गेली. तीन हप्ते झाले. डॉक्टरनं घरी पाठवलं, म्हणे रोज व्यायाम करवा. मले जमत नाही. आणि ते कोणाले हात लावू देत नाहीत."
दादानं करायला सांगितला का फोन, विचारलं. नाही. "ते तर तुमचं नावही काढत नाहीत. मी माझ्या मनानं करून राहिली."
एकतीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात लकव्याचे पेशंट उठवून बसवले. रिटायर होऊन आठ महिने. आणि आता हे, भंडाऱ्याहून तासाभराच्या रस्त्यावर.
सॅम्युअल म्हणाला, जाऊन ये. मी म्हटलं, त्यानं माझी बॅग रस्त्यावर फेकली होती. तो बसच्या वेळा बघू लागला. नवरा असं करतो तेव्हा मला जास्त राग येतो.

१० जुलै, गुरुवार
गेले नाही. दोन दिवस प्रार्थनेला बसते आणि क्षमा करण्याच्या ओळीपाशी येऊन थांबते.
बारा वर्षांपूर्वी, आईचा दहावा होता. सगळा समाज अंगणात. दादा म्हणाला, आजपासून मले बहीण नाही. बॅग फेकली. माझे कपडे चिखलात. मी ख्रिस्ती झाले तेव्हाही तो इतका रागावला नव्हता. तेव्हा फक्त म्हणाला होता, तुझं तू पाह्य.
पहिले तीन महिने हात परत येण्याचे. त्यातला एक संपत आला. हे मला माहीत आहे, त्याला नाही.

१२ जुलै, शनिवार
गेले. मोहाडीला बस बदलून साडेदहाला आंधळगाव. घर तेच. मागाच्या खोलीला बाहेरून कडी. आमच्या घरी तीन पिढ्या मागावर कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणतात. ती खोली बंद मी कधी पाहिली नव्हती.
दादा खाटेवर, तोंड भिंतीकडे. अर्धा झालाय. उजवा हात पोटावर, जसा दुसऱ्याच कोणाचा.
जड जिभेनं म्हणाला, "कायले आली?"
"हात पाहाले."
"पाहून झाला. जाय आता."
गेले नाही. बोटं सुजलेली. खांदा उतरलाय, उचलताना कोणी तरी बगलेतून ओढलं असणार. वहिनीला उशी कशी लावायची ते दाखवलं. दादानं हात काढून घ्यायला पाहिलं, पण हात त्याचं ऐकेना. मी उचलला तर उचलला गेला. तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. डोळे मिटून घेतले.
निघताना म्हणाला, "यायचं असन तं ये. देवाधर्माचं काही काढायचं नाही. तुझ्याही, माझ्याही."
कबूल केलं.

२० जुलै, रविवार
मंगळ, गुरू, शनी ठरलं. बाकीचे दिवस वहिनी करवते, चुकते, पण करवते.
चर्चनंतर बायकांच्या सभेत मार्थामावशी म्हणाल्या, बरा झाला की इथं आण त्याला, प्रभूनं बरं केलं याची साक्ष होईल. मी म्हटलं, मावशी, हात बरा करायला जाते, बदल्यात काही आणायला नाही. त्या नाराज झाल्या. होऊ देत. शब्द दिलाय.
दादासाठीची प्रार्थना बसमध्ये उरकते. मोहाडी येईपर्यंत होते.

२६ जुलै, शनिवार
वाईट दिवस. दादानं डाव्या हातानं पाण्याचा गिलास भिरकावला. "सोड मले. विणकराले हात नाही तं कायले जगवता?"
मी पण बोलले. म्हटलं, तुला तर फेकायचीच सवय आहे. बॅग फेकली तशी.
वहिनी मला हाताला धरून मागच्या अंगणात घेऊन गेली. "बॅगचं तुम्हाले आठवते, शालूताई. त्याच्या आधी तुम्ही काय बोलल्या ते आठवते काय?"
नाही म्हटलं.
तिनं सांगितलं. अंगणात सगळ्यांसमोर मी म्हणाले होते, आईसाठी मला प्रार्थना करू दिली असती तर आई वाचली असती. दादा, तू तिला मारलंस.
बसमध्ये रस्ताभर तेच आठवत होते. मोहाडीला बस कधी बदलली, कळलं नाही. म्हणाले होते. शब्द न् शब्द.

२७ जुलै, रविवार
आज प्रभुभोजन होतं. भाकर-द्राक्षारस घ्यायला मी उठले नाही, भावाचा अपराध मनात घेऊन उठवेना. सॅम्युअलनं वळून पाहिलं. घरी आल्यावर त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "मग मंगळवारची वाट कशाला बघतेस? उद्या जा."
माफ करायला निघाले होते मी. इतके दिवस तसंच वाटत होतं.

२८ जुलै, सोमवार
दादा ओसरीवर खुर्चीत होता. मी खाली बसले. व्यायाम नाही काढला.
म्हटलं, "दादा, आईच्या दहाव्याले मी जे बोलली ते खोटं होतं."
तो माझ्याकडे बघेना.
"तीन वर्षं आई पडून होती. तिच्या पाठीले एक फोड नव्हता. नर्स आहो मी. मले समजाले पाहिजे होतं तू तिचं किती केलं ते. वॉर्डात एवढं कोणी कोणाचं करताना मी नाही पाहिलं. मले माफ कर."
वहिनी दारात उभी. दादाचा ओठ थरथरत होता, एका बाजूचाच.
"मारलं म्हणाली तू मले." थांबला. जीभ वळेना. "बारा वर्षं तेच ऐकून राहिलो. दर वर्षी तिची तिथी आली का तेच."
आणि रडला. मी त्याला रडताना आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. मी त्याचा डावा हात धरला. त्यानं काढला नाही.
नंतर म्हणाला, "बॅग फेकाले नको होती मी." मग, "हात कर आता. टाइम होऊन राहिला."
केले व्यायाम. तासभर.

९ ऑगस्ट, शनिवार
राखी. मी नेली नव्हती, मागेल की नाही माहीत नव्हतं. वहिनीनं दुकानातून आणून ठेवलेली. दादानं डाव्या हातानं उजवं मनगट उचललं आणि माझ्यापुढे केलं. बांधली आणि म्हटलं, ही काढायची नाही. हा हात तू विसरतोस, राखी दिसली की याच्याकडे बघायचं, हलव म्हणायचं.
"ऐकते काय तो?"
"नाही ऐकत. तरी सांगत राहा."

२१ ऑगस्ट, गुरुवार
अंगठा हलला.
मी, वहिनी, दादा, तिघंही त्यावर वाकलो. मग दादा म्हणाला, "पुन्हा करू काय?" केला. पाच वेळा. सहाव्यांदा थकला.
परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून हसत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं. म्हटलं, भावाचा अंगठा हलला. तिला काय समजलं कोण जाणे, तीही हसली.

११ सप्टेंबर, गुरुवार
काठीनं अंगणाच्या टोकापर्यंत. पाय चांगला येतोय, हात मागे आहे.
नवीन युक्ती: कोशाची टोपली. रेशमाचे सुके कोश, छोट्या अंड्याएवढे. या टोपलीतून त्या टोपलीत, उजव्या हातानं. सकाळभरात अकरा. पडले त्याहून जास्त. रबरी चेंडू दिला तर कंटाळायचा, कोश हातात आले की बोटं स्वतःच आठवतात.

२३ सप्टेंबर, मंगळवार
दादानं विचारलं, "तू माह्यासाठी प्रार्थना करते काय?"
"शब्द दिला होता, काढायचं नाही म्हणून."
"मीच काढून राहिलो न."
"करते. बसमध्ये."
कोश उचलत राहिला. "बसमधे कायले? अठी कर. माहे देव काही रागावत नाहीत."
केली. चार वाक्यं, मोठ्यानं. त्यानं डोळे मिटले नाहीत, पण कोश खाली ठेवला.

९ ऑक्टोबर, गुरुवार
आज मागाच्या खोलीची कडी काढली. वहिनीनं दोन दिवस आधीच झाडून ठेवलेली. दादा मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसला, पाय खालच्या दाबायच्या पट्ट्यांवर, पावड्यांवर ठेवले. डाव्या हातात धागा ठोकायची फणी, उजव्या हातात दोरी. दोरी ओढली की धाग्याचा धोटा इकडून तिकडे जातो.
पहिल्यांदा अर्ध्यात अडकला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा गेला.
मग चौथा, पाचवा. माग वाजू लागला. आईच्या पोटात असल्यापासून ऐकलेला आवाज. शेजारच्या म्हाताऱ्या काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, "पुष्पा, कोण बसलं वं मागावर?"
वहिनी म्हणाली, "तेच बसले."
दहा मिनिटांत ओसरी भरली. त्यातले कितीतरी जण आईच्या दहाव्याला होते. एक जण म्हणाला, बहिणीनं उठवलं. दादा दोरी ओढतच म्हणाला, "तिनं उठवलं, पुष्पानं धरलं. मी बी थोडंसं केलं."
घरी येऊन सॅम्युअलला सांगितलं आणि दोघांनी स्वयंपाकघरात उभ्यानंच प्रार्थना केली. भाजी लागली. खाल्ली तशीच.

२६ ऑक्टोबर, रविवार
प्रभुभोजन घेतलं. आज उठताना पाय जड नव्हते.
मार्थामावशी बाहेर भेटल्या. म्हणाल्या, भाऊ कसा आहे? बाकी काही विचारलं नाही. नंतर डबा पाठवला, लाडू, "आंधळगावला ने".

८ नोव्हेंबर, शनिवार
दादानं कापड दिलं. दोन हात लांब, कोशाचा मूळ रंग. उजवीकडची किनार वाकडी, जिथे हात थकला तिथे वीण सैल. म्हणाला, विकायजोगं नाही. "तुले पाहिजे तं अंगावर घे, नाही तं तुमच्या देवळात टाक. तू ठरव."
१६ तारखेला, रविवारी, आमच्या चर्चमध्ये नव्या तांदळाची उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार, नंतर सगळ्यांचं जेवण. सांगितलं, बोलावणं असं नाही केलं.
"जेवण काय असते?"
"भात, वरण, वांग्याची भाजी."
"पाहू."

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळी आठला वहिनीचा फोन. मोहाडीच्या स्टँडवर आहेत, भंडाऱ्याची बस लागली, दादा काठी न घेता चढला.
सॅम्युअल त्यांना आणायला स्टँडवर गेला. बारा वर्षांत दोघं भेटलेले नाहीत.
कापड पेटीतून काढून इस्त्री केलं. पास्टरसाहेबांना विचारलंय, प्रभुभोजनाच्या मेजावर अंथरू का. म्हणाले, अंथरा. दादा तू ठरव म्हणाला, तरी अंथरण्याआधी त्याला विचारायचंय.
दादा चर्चमध्ये आत बसेल की बाहेर पायरीवर, की फक्त जेवायला येईल, माहीत नाही. वहिनीलाही नाही. वांगी चिरून झाली. फाटक वाजलं.