हसू न येणारं पुस्तक

३ फेब्रु., बोरिवली
मंगलने दिलेली कादंबरी पुन्हा उघडली. चार म्हातारे मित्र, त्यांच्या कवळ्या, विसराळूपणा, कोणी गेलं की "अजून एक विकेट पडली!" मंगल म्हणाली होती, "आपल्यावरच आहे गं. हसून पोट दुखेल." माझं डोकं दुखलं. शोभाला जाऊन महिना होत आला. आमच्या तिघींतली एक गेली, यात हसायचं काय?

६ फेब्रु.
सकाळी मंगलचा फोन. "हास्यक्लबला येणारेस, की नाव कापू तुझं?" चिडलेच. म्हटलं, तुला बरं हसू सुचतं. तिने "घरी बसवत नाही गं मला," म्हणून फोन ठेवला.
दिवसभर चुटपुट. शोभा गेली, आता हिलाही मीच तोडणार की काय...

९ फेब्रु.
उद्या बागेत क्लबतर्फे शोभाला श्रद्धांजली. जायलाच हवं. कादंबरीचं अजून एक प्रकरण. मी ढिम्म.

१० फेब्रु.
हे लिहूनच ठेवते. सगळे माना खाली घालून उभे. पुढे शोभाचे मिस्टर, आमचे भावजी. क्लब घेणारे कर्णिक, स्तब्धता सुरू करायची म्हणून सवयीने बोलून गेले, "एक, दोन, तीन!" आणि अख्ख्या क्लबने हात वर करून "हा हा हा!" मीसुद्धा! महिनाभर तिकडे न फिरकलेली मी!
मग सगळ्यांचे हात झटकन खाली. कर्णिकांना घाम. मंगलने माझा हात घट्ट धरला.
भावजी म्हणाले, "निम्म्यांचे हात नीट वर नाही गेले. शोभा असती तर परत करायला लावलं असतं. घ्या परत."
घेतलं. हसता हसता रडायला कधी लागले कळलं नाही. मंगलही तशीच. येताना दोघींनी गाडीवर उसाचा रस प्यायला. फार फार बरं वाटलं. देवा, मंगल आहे मला.

१४ फेब्रु.
रोज जातेय क्लबला. पुस्तक संपलं. हसू आलं नाही, खोटं कशाला लिहू? मंगलला फोनवर सांगून टाकलं.
"मग परत दे."
"नाही देणार. तू ये, कुठे कुठे हसलीस ते दाखव."
चार वाजता येतेय. चष्मा घरी विसरणार, म्हणजे मलाच मोठ्याने वाचावं लागणार.