संत्र्याची वेळ

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

डोकं उठलंय! एका फळापायी किती जणांचं ऐकायचं? मेव्हण्याने, कुंताच्या भावाने अण्णाजीने, दरवर्षीसारखी कारंज्याहून पोतंभर संत्री पाठवली. आणि यंदा कुंताला शुगर निघालेली. डॉक्टर म्हणाले, रोज एक खाऊ द्या. बरं. पण कधी? त्यावर कोणाचंच एकमत नाही.

फिरायला गेलो तर सोबतचा तानबाजी म्हणतो, "मधुकरराव, फळ बाराच्या आत. बाराच्या नंतर फळ म्हंजे जहर!" कोणी सांगितलं? तर मोबाइलवर आलं. शेजारची मंजुषा दवाखान्यात नर्स आहे, ती म्हणते, "काका, वेळेचं काही नसते. किती खाल्लं ते पाहा." कुंताची आई म्हणे सांगायची, दिवेलागणीला संत्रं खाल्लं की खोकला धरतो. आणि खुद्द कुंता —

"मले जव्हा वाटन तव्हा खाईन."

असं चालत नाही. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली मी. दुकानदाराचा किलोही कधी तोंडी मानला नाही, तानबाजीचे बारा कसे मानू? शुगरचं मशीन घरात आहे, वही आहे. एक दिवस संत्रं सकाळी सातला, एक दिवस दुपारी साडेचारला. टोचायचं मात्र रोज दोनदा, सकाळी नऊला आणि संध्याकाळी साडेसहाला. आठवड्यात निकाल लावतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान करून आलो. रांगेत पाऊण तास. कुंता शाईचं बोट टोचू देईना. "आजच्या दिवस तरी त्याले सोडा!" शेवटी करंगळी दिली.

संत्रं सकाळी. नऊला २७४! संध्याकाळी १३८.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

संत्रं साडेचारला दिलं. संध्याकाळी साडेसहाला १४६. म्हणजे दुपारचं संत्रं अंगाला लागतच नाही! तानबाजीला उद्या तोंडावर सांगणार.

सकाळचा आकडा मात्र आजही २५१. कालच्या संत्र्याची शिल्लक असेल.

२३ नोव्हेंबर, शनिवार

तानबाजीला वही दाखवली. चष्मा नाही म्हणाला. मग दुसरा चष्मा खिशातून काढला आणि म्हणाला, "मशीन खराब असन." माझं मशीन! नव्या पट्ट्या, डबीवरची तारीख तपासून घेतलेल्या. माणसाला हार पत्करता येत नाही ती नाहीच.

घरी निकाल जाहीर केला. यापुढे कुंताने सकाळी संत्रं खायचं नाही, फक्त साडेचारला. ती म्हणाली, "सकाळच्या उन्हात बसून खायचं, तेवढंच तं सुख होतं." मी म्हटलं, ऊन घे, संत्रं राहू दे.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी संत्रं नाही. तरी नऊला २६२!

हे कसं? मी समोरच बसलो होतो. पेपर वाचून झाला, तिने रोजच्यासारखं माझं संत्रं सोललं, धागे काढून वाटीत ठेवलं, पदराला हात पुसले आणि बोट पुढे केलं. सकाळपासून नुसता बिनसाखरेचा चहा पोटात.

निदान माझ्या समोर तरी तेवढाच.

२५ नोव्हेंबर, सोमवार

२८१. काहीतरी शिजतंय. पोत्यातली संत्री मोजून ठेवली. त्रेसष्ट.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

पोत्यात एकसष्ट. कालचं तिचं साडेचारचं आणि आजचं माझं, दोनच कमी व्हायला हवीत — दोनच आहेत. हिशेब बरोबर. आणि सकाळी २७७. मग खाते काय ही? सरळ विचारलं, "माझ्या वाटीतल्या फोडी चोरून तोंडात टाकतेस का?"

कुंताने हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "बेचाळीस वर्षं झाली तुमच्या घरात. एका संत्र्यापायी चोट्टी केलं मले?"

मी म्हटलं, मी करत नाही, मशीन करतं.

मग डॉक्टरांना फोन लावला, वहीचा फोटो पाठवला. ते म्हणाले, लॅबमध्ये रक्त देऊन या, तोवर सकाळची एक गोळी वाढवा. गोळी आणली. लॅबला कशाला जायचं? मोजमाप मला कोणी शिकवायला नको. साडेचारला कुंताने संत्र्याला हात लावला नाही. पाच वाजता पुढ्यात नेऊन ठेवलं, तरी नाही. "तुमचं तुम्ही खा," म्हणाली. हट्ट! नुसता हट्ट!

२८ नोव्हेंबर, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहून काढतो.

साडेअकराला मोरीत भांडी पडल्याचा आवाज झाला. धावलो. कुंता घासता घासता तिथेच बसली होती, भिंतीला टेकून. घामाने लुगडं भिजलेलं. हाक मारली तर जीभ जड, भलतंच काही बोलत होती. मी मशीन आणलं. ५२! मला वाटलं, मशीनच बिघडलं — तेव्हाही मला मशीनचंच सुचलं! मग मंजुषाच्या नावाने ओरडलो. ती रात्रपाळी करून झोपलेली, तशीच पळत आली. साखरेचं पाणी पाजलं, पुन्हा पाजलं. पाव तासाने कुंता म्हणाली, "नळ बंद करा." तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

गोळी वाढवल्याचं सांगितल्यावर मंजुषाने वही मागितली. पानं उलटत राहिली.

"नऊ वाजता काकू काय करत राह्यते?"

"माझं संत्रं सोलते."

"आन् मग हात धुते?"

"पदराला पुसते."

"संध्याकाळी टोचायच्या आधी?"

संध्याकाळी देवापाशी दिवा लावते. त्याआधी हातपाय धुतेच, सगळेच धुतात. हे बोलता बोलताच मी तिच्या हातातल्या वहीतले सकाळचे आकडे पाहिले.

मंजुषा म्हणाली, "काका, बोटाले रस लागून असते. तुम्ही इतके दिवस संत्र्याची शुगर मोजून राह्यले, काकूची नाई."

एकतीस वर्षं किराणा दुकानांत शिरलो की पहिलं वाक्य हेच असायचं — आधी पारडं पुसा. गूळ चिकटलेल्या पारड्यापायी किती जणांवर केस केल्या! आणि घरात बायकोचं बोट पुसायचं सुचलं नाही. त्या बोटांनी संत्रं सोललं ते माझं. मला एवढ्या वर्षांत स्वतःचं संत्रं सोलता येऊ नये?

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

मंजुषा सोबत आली. लॅबमध्ये रक्त दिलं. कुंताची शुगर आवाक्यात आहे, वाढवलेली गोळी बंद. डॉक्टर मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर कुंता तूर निवडत बसली. मी खिडकीपाशी उभा राहून म्हणालो, माझं चुकलं.

"कोणाले म्हणून राह्यले?"

"तुला."

"मग इकडं पाहून म्हणा."

पाहून म्हणालो. फार जड गेलं. ती खडे वेचत राहिली. पण चोट्टी हा शब्द आमच्या दोघांच्या मध्ये अजून बसलेला आहे, आणि तो आणला मी.

३० नोव्हेंबर, शनिवार

तानबाजीने विचारलं, "मग काय निघालं, सकाळ का संध्याकाळ?" म्हटलं, हात धुऊन खा, बास. त्याला वाटलं मी चिडलो. चिडलोच होतो. त्याच्यावर नाही.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी उन्हात दोन खुर्च्या टाकल्या. दोन संत्री मी सोलली, साली इकडे, रस तिकडे. एक कुंताच्या हातात दिलं. एक फोड तिने तोंडात टाकली. मग मी म्हटलं, थांब, तुझ्यादेखत खातरजमा करतो. मी अजून चहासुद्धा घेतलेला नव्हता. तसंच चिकट बोट टोचलं — ३४४! कुंता हसली. मंगळवारनंतर पहिल्यांदा. "आता धुऊन पाहा," म्हणाली.

साबणाने धुतले, पुसले. २१८.

पुन्हा धुतले, दुसऱ्या हाताचं बोट. २२१.

कुंताचं हसू गेलं. तिने माझ्या हातून मशीन काढून घेतलं, वहीही घेतली. माझा हात धरून बसली. मग माझं संत्रं माझ्यापुढे सरकवलं.

"अर्धं खा," म्हणाली. "उद्या लॅबमध्ये तुमचं रक्त देऊन येऊ."