तुमच्या चपला माळ्यावर आहेत

प्रिय आत्या,

परवा डॉक्टरांनी मला साखर निघाल्याचं सांगितलं. म्हणाले, रोज सकाळी पाऊण तास चाला. घरी आले आणि देवघरापुढं बसून रडले. साखरेचं काय एवढं! तुमची आठवण आली. तुमच्याशी एक खोटं बोलले होते, ते कबूल केल्याशिवाय आता चैन पडत नाही.

सासू म्हणून तुम्ही काही कमी नव्हतात हं! बारा वर्षं माझी भाकरी उलटून बघितलीत. पण सकाळचे दोन तास घर माझं असायचं. निळी पिशवी घेऊन तुम्ही तळ्याकाठानं सिद्धेश्वराला जायचात, देवळाला फेऱ्या घालून उन्हं चढता परत यायचात. गुडघ्याची तक्रार तुमच्या तोंडून कधी ऐकली नाही.

मग त्या दिवशी पायरीवर चक्कर येऊन पडलात. डॉक्टर मला म्हणाले होते, "एकट्या पाठवू नका." एवढंच. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं, डॉक्टरांनी फिरणं बंद केलंय. माझी सकाळची शाळा, डबे, तुमच्या नातीची, गौरीची शाळेची रिक्षा. सोबत कोण जाणार होतं? आणि तुमच्या चपला माळ्यावर टाकल्या.

डॉक्टरांचा शब्द तुम्हाला देवासारखा. एका शब्दानं वाद घातला नाहीत. का नाही घातलात? एरवी मिठावरून भांडायचात की!

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर पाण्याच्या टाकीला फेऱ्या सुरू झाल्या. खाली पोळ्या लाटताना मला पावलं ऐकू यायची आणि मी चिडायची. एकदाच म्हणालात, "एक दिस ने की गं मला. हळूहळू चालीन." मी म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत नेते.

नवरात्रातच गेलात तुम्ही.

आज सकाळी तुमची निळी पिशवी घेऊन देवळात गेले. फुलं विकणाऱ्या मावशींनी पिशवी ओळखली. आजी कुठायत, म्हणाल्या. सांगितलं, तर हातातला हार तसाच राहिला त्यांच्या. मग त्यांनीच सांगितलं की तुम्ही घरातल्या प्रत्येकाच्या नावानं एक फेरी घालायचात. एक ह्यांची, एक गौरीची.

"आन् सुनेच्या दोन," मावशी म्हणाल्या. "म्हणायच्या, तिला यायला सवड न्हाय, तिचीबी मीच घालते."

मी कट्ट्यावर बसले ती उठवेना. टाकीभोवती जी पावलं ऐकून मी चिडत होते, त्यातली निम्मी माझ्यासाठी होती. असं कुणी करतं का आत्या? एकदा तरी तोंडावर सांगायचंत!

मी मावशींना विचारलं, स्वतःच्या नावाच्या किती घालायच्या? त्यांना काही आठवेना. घातलीच नसणार. मला माहीत आहात तुम्ही.

आणि बघा, आज शाळेच्या आधी वेळ निघाला. साडेपाचला उठले, आठ वाजता वर्गात शिकवत होते. डबेही झाले. तेव्हाही निघाला असता.

साखर हटो न हटो, उद्यापासून रोज जाणार आहे. पहिली फेरी तुमच्या नावाची. माझ्या दोन तुम्ही आधीच घालून ठेवल्यात, त्या मला बरीच वर्षं पुरतील. संध्याकाळी चपला माळ्यावरून काढते, पुसून दाराशी ठेवते.

तुमची,
सुनंदा