ग्राउंडाची एक चक्कर

दादा,

काल तुमच्या नातीची निवड झाली नाही.

तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात त्यानंतर दोन वर्षांनी ती झाली. आता अकरा वर्षांची आहे, हनुवटी तुमची आणि हट्टही तुमचाच. फुटबॉल खेळते. हे ऐकून तुम्ही चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत बसला असता. फार आनंद झाला की तुम्ही तेवढंच करायचात. पण यात माझं श्रेय काही नाही बरं का. आठवीनंतर मी चेंडूला पाय लावला नाही आणि घरात चेंडू यावा असंही मला कधी वाटलं नाही. इतर पोरं शाळेतून सर्दी घेऊन येतात, तसा हिने हा खेळ आणला. वर्षभरात खोलीच्या भिंतीचा रंग एका जागी पुरता उडवलाय, आणि खालच्या मजल्यावरच्या आंटी दोनदा वर येऊन गेल्या आहेत. तुमची सून त्यांना चहा पाजून परत पाठवते.

तारनाक्याला आमच्या घराजवळ एक अकादमी आहे. बारा वर्षांखालच्या मुलामुलींचा त्यांचा संघ बाहेरगावी सामने खेळायला जातो, आणि त्या संघात जायचं तर ट्रायल द्यावी लागते. गेल्या रविवारी सकाळी ती होती. मैदान म्हणाल तर हिरव्या प्लास्टिकच्या गवताचा एक चौकोन, चारही बाजूंनी जाळी. तुम्ही वाकून ते गवत बोटांनी चाचपलं असतंत आणि हात झाडले असतेत. साठ-सत्तर मुलं, प्रत्येकाच्या अंगावर नंबराचं पातळ जाकीट. हिचा नंबर एक्केचाळीस. आम्ही आईबाप जाळीला नाकं लावून उभे. माझ्या शेजारचे गृहस्थ सांगत होते, "हमारा बच्चा तीसरी जगा ट्रायल दे रा भाई. यहाँ नै हुआ तो कोंपल्ली ले जाता मैं." पलीकडे एक बाई "पास इव्वु नान्ना, पास इव्वु" म्हणून पोराला तेलुगूत ओरडून सांगत होत्या, आणि पोरगा काही चेंडू देत नव्हता. मला वाटलं होतं मी मजेत बघेन. दहा मिनिटांत तळहाताला घाम फुटला.

ती चांगली खेळली. बाप म्हणून सांगतोय हे खरं, पण ज्याचा बाप पी.टी.चा मास्तर होता त्याला एवढं तरी कळतं. डाव्या बाजूने धावते, घाबरत नाही, अंगावर आलेल्याला बगल देते. पण एक गोष्ट मला दिसली आणि मग तीच दिसत राहिली. चेंडू पायातून निसटला की त्याच्यामागे धावायच्या आधी ही मान वळवून जाळीकडे बघायची. मला शोधायची. मी दिसलो की मग धावायची, तोवर चेंडू पार पलीकडे गेलेला. एकदा झालं, दोनदा झालं. पुढच्या वेळी मी एका जाड्या माणसाच्या मागे लपलो, तर ती मला शोधत तशीच उभी राहिली. मी गुपचूप बाहेर आलो.

काल दुपारी फोनवर यादी आली. यादी म्हणजे नुसते अठरा नंबर, खाली अंगठ्याचं एक चित्र. नाव नाही, कारण नाही. मी ऑफिसातून लवकर निघून घरी पोचलो, तर हिने आईच्या फोनवर आधीच पाहिलं होतं. "बाबा, फॉर्टी वन नाहीये. मी दोनदा स्क्रोल केलं," म्हणाली आणि दप्तर आवरायला लागली. दप्तर आवरलेलंच होतं. मी गच्चीत जाऊन कोचला फोन लावला. तरुण, सभ्य मुलगा आहे. "सर, नंबर क्या था?" मी सांगितला. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग म्हणाला, "अच्छी है सर बच्ची. नेक्स्ट ईयर पक्का लाइए." त्याला ती आठवत नव्हती. सत्तर पोरांत त्याला तरी कशी आठवावी? फोन ठेवला तेव्हा मला भयंकर राग आला होता, आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की तो त्या बिचाऱ्याचा नव्हता, तुमचा होता.

सुलतान बाजारातल्या आपल्या मराठी शाळेला अंगण होतं पण मैदान नव्हतं, म्हणून संघाचा सराव अंबरपेठेतल्या मोकळ्या ग्राउंडावर व्हायचा. दर वर्षी आंतरशालेय सामन्यांच्या आधी तुम्ही सोळा पोरं निवडायचात. आणि त्यांची नावं फळ्यावर लागायच्या आधी, जी निवडली नाहीत त्यांतल्या एकेकाला घेऊन तुम्ही ग्राउंडाची एक चक्कर मारायचात. नळापासून सुरू, नळापाशी संपली. पोराच्या खांद्यावर तुमचा हात. आधी त्याचं काय चांगलं ते सांगायचं, मग काय कमी पडलं ते, स्पष्ट, गूळ न लावता. नळापाशी आलं की शेवटचं वाक्य ठरलेलं: "सोमवारी बूट घेऊन ये." म्हणजे संघात नाहीस, पण माझ्या ग्राउंडावर आहेस. अशी चौदा-पंधरा पोरं असायची, त्यात चार-पाच संध्याकाळी जायच्या. त्या आठवड्यात पोरं तुमच्या छडीपेक्षा तुमच्या हाताला भ्यायची. प्रार्थनेची रांग सरळ करायला तुम्ही कुणाच्या खांद्याला हात लावला तरी मागून कुजबुज, "लग गई रे चक्कर इसकी!" हे सगळं मी तुमच्या नातीला कितीदा तरी सांगितलंय. तिला पाठ आहे. आजोबांची फुशारकी मारायला मला आवडतं. त्यातलं एक मात्र मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

मी आठवीत होतो. डावीकडचा बॅक. शेवटच्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या चक्करा झाल्या आणि तुम्ही मला हात लावला नव्हता, म्हणजे मी संघात. गणित सोपं होतं. वर्गात दोघातिघांना मी सांगूनही टाकलं. सकाळी फळ्यासमोर उभा आहे. यादी वरून खाली वाचतो, मग खालून वर वाचतो. सोळा नावं, माझं नाही. मागून कुणीतरी विचारतं, "तेरे कू चक्कर नै लगाए क्या रे सर?" आणि मी मान खाली घालून म्हणतो, "लगाए ना. कल लगाए."

त्याच दिवशी संध्याकाळी मी नळापाशी थांबलो होतो. मला वाटत होतं, मुलगा म्हणून माझी पाळी सगळ्यांच्या शेवटी असेल. तुम्ही चेंडू जाळीच्या पिशवीत भरलेत, शिट्टी खिशात टाकलीत, आणि म्हणालात, "जल्दी चल, अंधार होतोय. पिशवी धर." पिशवी घेऊन मी तुमच्या मागे घरापर्यंत आलो. आई पोळ्या लाटत होती. माझं तोंड बघून तिने लाटणं थांबवलं आणि तुम्हाला विचारलं, "त्याला काही सांगितलंत का?" तुम्ही मोरीत हात धूत होतात. "त्याला काय वेगळं सांगायचं? तो घरचाच आहे." मी ताट दूर सारलं. तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी अजून तुमच्याच आवाजात ऐकतो: "खेळातला राग अन्नावर काढायचा नाही. उचल तो घास." मी उचलला. पण सोमवारी बूट घेऊन ये, असं मला कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून मी सोमवारी गेलो नाही. तुम्ही विचारलं नाहीत. बूट माळ्यावर गेले आणि पुढे ते पायाला लहान झाले.

मला एवढंच कळायला हवं होतं, दादा, की मी खेळात कमी पडलो की तुमचा मुलगा म्हणून कापला गेलो. मास्तरांच्या खोलीत कुणी बोललं असेल, आता काय, पोराची वर्णी लागणार. तुम्हाला ते झोंबलं असेल. तुमचा स्वभाव सुपारीएवढ्या गोष्टीतही पंक्तिप्रपंच न करणारा. लोक अजून तुमचं त्याबद्दल कौतुक करतात आणि मी मान डोलावतो. दोन्हींपैकी काहीही असतं तरी मी पचवलं असतं. कळलंच नाही, ते मात्र पचलं नाही. शाळेतल्या परक्या पोरांना तुम्ही अर्धा अर्धा तास दिलात, आणि घरचं पोर घरचंच म्हणून राहून गेलं.

विचारायला मला पुष्कळ वर्षं मिळाली. तुम्ही रिटायर झालात, आई गेल्यावर तारनाक्याला माझ्याकडे राहायला आलात. आपण पेपर वाटून वाचायचो, भाजीतल्या मिठावर बोलायचो. छातीचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी तुम्हाला रोज चालायला सांगितलं. एका सकाळी मी दारात बसून बुटाच्या नाड्या बांधतोय. तुम्ही मागून येता आणि म्हणता, "चल रे, कॉलनीची एक चक्कर मारू." मी म्हणतो, "दादा, उशीर होतोय मला. वॉचमनला सांगतो, तो येईल बरोबर." तुम्ही म्हणता, "नको. तुझ्याबरोबर मारायची होती." मी नाडी बांधून उभा राहीपर्यंत तुम्हीच म्हणालात, "राहू दे. रविवारी बघू." त्या रविवारी घरी पाहुणे आले. पुढच्या रविवारी तुम्ही दवाखान्यात होतात, आणि तिथून घरी आला नाहीत. ती कदाचित डॉक्टरांनी सांगितलेली साधी चक्कर असेल. तेव्हा मला तसंच वाटलं. काल संध्याकाळपासून तसं वाटत नाही, आणि आता कुणाला विचारू?

काल संध्याकाळी मी हिला स्कूटरवर बसवून अंबरपेठेला घेऊन गेलो. कुठे जातोय हे तिने विचारलं नाही. ग्राउंड आता अर्धंच उरलंय. एका बाजूला कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवाचे बांबू पडले होते, दुसऱ्या बाजूला गाड्या लावलेल्या. नळ काढून टाकलाय, त्याचा सिमेंटचा ओटा तेवढा आहे. मी तिथून सुरुवात केली. खांद्यावर हात ठेवला तशी ती म्हणाली, "बाबा, तू आजोबांची चक्कर मारतोयस ना?" मी म्हटलं, "हौ." मग आधी चांगलं सांगितलं, ते पुष्कळ होतं, बांबूंपर्यंत पुरलं. पुढचं सांगायच्या आधी मी वाटेतला एक बांबू पायाने बाजूला सारला. तुम्हाला हे दरवेळी जड जायचं का हो? आम्हाला ते कधी दिसलं नाही.

"चेंडू गेला की तू आधी माझ्याकडे बघतेस," मी म्हटलं. "मग धावतेस. तेवढ्यात तो लांब जातो."

ती थांबली. "तू रागावलास का ते चेक करत होते."

"मी रागावत नाही गं."

"पण तुझा फेस तसाच असतो," ती म्हणाली, आणि हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. यादी आल्यापासून पहिल्यांदा. तुमच्यासारखंच रडते, आवाज न करता, खांदे तेवढे हलतात. मी हात काढला नाही. आम्ही गाड्यांच्या कडेने तसेच चालत राहिलो.

ओटा दिसायला लागला तेव्हा तिने नाक पुसलं आणि विचारलं, "तू पण एकदा सिलेक्ट नव्हतास ना झाला? आजी म्हणायची असं आत्या सांगत होती. मग तुझी पण चक्कर झाली?"

"झाली की."

"काय सांगितलं आजोबांनी?"

मी समोर बघितलं, आणि मला तिथे तेरा वर्षांचा मी दिसलो. डाव्या बाजूला. चेंडू पायातून सुटतो, आणि मी त्याच्यामागे धावायच्या आधी मान वळवतो, शिट्टीवाल्या माणसाकडे बघतो. दरवेळी. इतक्या वर्षांत हे मला एकदाही आठवलं नव्हतं. तुम्ही मात्र ते पाहत होतात, रोज, समोरून. हे बापाने पोराला कोणत्या तोंडाने सांगावं, तेही तुम्हाला सुचलं नसेल.

"हेच," मी म्हणालो. "हेच सांगितलं त्यांनी."

"सेम?"

"सेम. आणि म्हणाले, सोमवारी बूट घेऊन ये."

ओट्यापाशी पोचल्यावर तिने खाली वाकून बुटाच्या नाड्या घट्ट केल्या, जणू सोमवार आजच आहे.

हे पत्र तुमच्या शिट्टीच्या डबीत ठेवतोय. तुमची नात मराठी अक्षराला अक्षर जोडून वाचते. एवढी पानं वाचून काढायला तिला अजून काही वर्षं लागतील, तोवर माझं खोटं टिकेल. तुम्ही हे कधीच बोलला नाहीत, दादा, मी ते तुमच्या तोंडी घातलं. फळ्यासमोर हेच खोटं बोललो होतो तेव्हा मला लाज वाटली होती. काल वाटली नाही. फक्त परत येताना, ती मागे बसून माझ्या खांद्याला धरून होती, तेव्हा थोडा वेळ मी तो हात तुमचा समजून स्कूटर चालवली.