दहा ग्रॅम कोळसा

ती. मामांस, वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सर्व (म्हणजे मी) खुशाल आहोत. आपली तब्येत कशी आहे? मामींची? आणि दात? दातांबद्दल सविस्तर लिहावे.

मी प्रयोगशाळेत लागलो हे आपण जाणताच. दहावीला दोनदा आपटलेल्या मला त्यांनी वजनकाट्यावर बसवले आहे, कारण माझा हात थरथरत नाही (मन थरथरते, पण ते काट्यावर दिसत नाही). आमच्याकडे करवंट्या जाळून कोळशाची भुकटी करतात आणि कपॅसिटरच्या पट्ट्यांना फासतात. कपॅसिटर म्हणजे बॅटरीची उतावळी बहीण. क्षणात भरते, क्षणात रिकामी होते. सगळा खेळ भुकटीतल्या भोकांचा. चमचाभर भुकटीतली भोके आतून उलगडली तर फुटबॉलचे मैदान झाकेल, असे आमच्या मॅडम म्हणतात. (मी उलगडून पाहिलेली नाहीत.)

मॅडमनी मला एक बाटली दिली, वर चिठ्ठी 'दहा ग्रॅम', आणि रोज वजन नोंदवायला सांगितले. मी झाकण काढून सावकाश वजन करतो. दुसऱ्याच दिवशी भुकटी दहाच्या वर भरली. चिठ्ठी खोटी पडू नये म्हणून जास्तीची चिमूट काढली, पुडीत बांधली, पुडीवर तारीख घातली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे अकरा दिवस. वहीत मात्र रोज दहा ग्रॅम, सुवाच्य अक्षरात. तिथल्या कपाटाला कुलूप नाही, म्हणून पुड्या खोलीवर आणून आरशाखालच्या फळीवर ठेवल्या.

सोमवारी मॅडमनी भुकटी भट्टीत सुकवली. आठच ग्रॅम भरली.

"अरे बाबा, कोळसा वाढत नव्हता, हवेतलं पाणी पीत होता. तू मात्र रोज कोळसा काढत गेलास." मग हळूच म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत दोन ग्रॅम आण. नाहीतर तुला कायम करायचा कागद मी कोणत्या तोंडाने पुढे पाठवू?"

बाकी सर्व ठीक.

आपला वजनाला चोख भाचा

ता.क. मागच्या आठवड्यात आपण माझ्याकडे चार दिवस राहिलात. निघताना आरशाखालच्या दंतमंजनाची तारीफ करून उरलेल्या पुड्या सोबत नेल्यात. मी आदराने गप्प राहिलो. मामा, मी दंतमंजन वापरत नाही. पुड्या तातडीने पाठवाव्यात.

ता.क. दुसरा : ओली भुकटी भट्टीत वाळते. तोंडात जाऊन आलेल्या भुकटीबद्दल मी मॅडमना विचारलेले नाही. तरी चूळ पाठवू नये.

ता.क. तिसरा : भुकटी अकरा पाण्यांनी धुतलेली आहे, घाबरू नये. मात्र पुड्या घेऊन स्वतःच येणार असाल, तर मॅडमसमोर हसू नये. त्यांना स्वतःचा माल ओळखता येतो.